पानं उलटून पाहिली का?

सांबराच्या लेंडीचं एक टोक बारीक चोचीसारखं पुढे आलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाला खळगी असते. चितळाची लेंडी तशीच, पण लहान. चौशिंगा पुन्हा पुन्हा एकाच जागी येऊन ढीग करतो, म्हणून तो ओळखायला सोपा. हे मी शिकले वयाच्या विसाव्या वर्षी, २०१४ च्या जानेवारीत, मेळघाटात, सागाच्या वाळक्या पानांवर उकिडवी बसून. शिकवणारे होते साठीला टेकलेले एक कोरकू आदिवासी वनमजूर. लेंडी दोन बोटांत धरून फोडायची, आत ओल आहे का बघायचं, वास घ्यायचा आणि मग कधीची ते सांगायचं. त्यांचा अंदाज चुकला असं त्या आठवड्यात तरी झालं नाही.

गेले होते मात्र वाघासाठी. मी तेव्हा अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजच्या फलकावर एक दिवस कागद लागला : व्याघ्रगणनेसाठी स्वयंसेवक पाहिजेत, आठ दिवस, राहण्या-जेवण्याची सोय. घरी परवानगी मागितली तेव्हा बाबा दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कपाटातून स्वतःचा जुना स्वेटर काढून माझ्या बॅगेवर ठेवला. संक्रांत नुकतीच झाली होती, आईने तिळाच्या लाडवांचा डबा दिला. परतवाड्याहून धारणीची एसटी पकडली. घटांगच्या पुढे रस्ता वळणं घ्यायला लागला, दोन्ही बाजूंना साग दाटला आणि मी पुढचे दोन तास खिडकीची काच पुसत बाहेर बघत राहिले. प्रत्येक झुडपामागे मला पट्टे दिसत होते.

सेमाडोहला प्रशिक्षण झालं. तिथे पहिल्यांदा कळलं की व्याघ्रगणना म्हणजे वाघ मोजत फिरणं नव्हे. देशभर दर चार वर्षांनी होणारी ही मोजणी २००६ पासून नव्या पद्धतीने होते. त्याआधी वाघाच्या पंज्याचे ठसे घ्यायचे : मातीतल्या ठशावर काच ठेवून कागदावर रेखाटन करायचं, प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून साचा काढायचा, आणि ठशांवरून एकेक वाघ वेगळा ओळखता येतो असं धरून चालायचं. ती पद्धत किती ठिसूळ होती ते राजस्थानातल्या सरिस्कात उघडं पडलं. २००४ मध्ये सरिस्काच्या कागदांवर वाघ होते. २००५ मध्ये खरोखर शोध घेतला तेव्हा त्या जंगलात एकही वाघ उरलेला नव्हता. शिकाऱ्यांनी संपवले होते आणि कागद मात्र वाघ दाखवत राहिला होता. मला हे ऐकून जे वाटलं ते आजही तसंच वाटतं. तिथला शेवटचा वाघ मेला त्या दिवशी कुणालाच कळलं नाही, कारण वहीत तो जिवंत होता.

नव्या पद्धतीत कामाचे दोन भाग. पहिले तीन दिवस मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा शोधायच्या. रोज किमान पाच किलोमीटर चालायचं आणि विष्ठा, पाऊल, खोडावरचे ओरखडे, जमिनीवरची खरवड जे मिळेल ते नोंदवायचं. पुढचे तीन दिवस तृणभक्षी. दोन किलोमीटरची एक सरळ रेघ जंगलातून आखलेली असते, वनखात्यातले लोक तिला ट्रान्झॅक्ट लाइन म्हणतात. पहाटे उजाडताच तिच्यावरून न बोलता चालायचं. प्राणी दिसला की थांबायचं, जात आणि संख्या लिहायची, कंपासने दिशा घ्यायची, रेंजफाइंडरने अंतर मोजायचं. अंतर कशाला, हे मला तेव्हा समजेना. प्रशिक्षण देणाऱ्या सरांनी फळ्यावर एक रेघ ओढली आणि तिच्या दोन्ही बाजूंना ठिपके काढले. रेघेजवळचे दाट, लांबचे विरळ. म्हणाले, जंगलात प्राणी असे पसरलेले नसतात, तुम्हाला ते असे दिसतात. जवळचा दिसतो, लांबचा निसटतो. किती लांब गेल्यावर किती निसटतात हे अंतरांवरून कळलं की जे दिसले नाहीत त्यांचाही हिशेब मांडता येतो.

जे दिसले नाहीत त्यांचाही हिशेब. मी ते वाक्य वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं आणि विसरून गेले.

माझ्याबरोबर वर्गातलीच एक मैत्रीण होती. आम्हाला जी बीट, म्हणजे एका वनरक्षकाच्या ताब्यातला जंगलाचा तुकडा, मिळाली तिथल्या वनरक्षक ताई आमच्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठ्या. संरक्षण कुटीत एक खोली, बाहेर तीन दगडांची चूल, कोपऱ्यात वायरलेस. रात्री थंडी इतकी की बाबांच्या स्वेटरवर दोन घोंगड्या घेऊनही पाय गरम व्हायचे नाहीत. काका, म्हणजे ते वनमजूर, पहाटे चारला चूल पेटवायचे. त्यांच्या बायकोने बांधून दिलेली कुटकी असायची, आमचं पिठलं असायचं, आणि माझे तिळाचे लाडू दुसऱ्या दिवशीच संपले.

पहिल्या दिवशी वाघाची विष्ठा सापडली. वाळून पांढुरकी झालेली, आत केसांचा गुंता. ताईंनी काडीने उकलून दाखवली, रानडुकराचे राठ केस. काका हळू आवाजात म्हणाले, "कुला." कोरकूत वाघाला कुला म्हणतात. मी थरारून गेले. वाटलं, उद्या पाऊल, परवा डरकाळी, आणि मग नक्की दर्शन. दुसऱ्या दिवशी पाच किलोमीटर चाललो, काही नाही. तिसऱ्या दिवशी पाच किलोमीटर, काही नाही. संध्याकाळी फॉर्म भरताना रकान्यामागून रकाना 'नाही', 'नाही' लिहीत होते आणि मला रडू येत होतं. एवढं लांब येऊन आपण काहीच केलं नाही असं वाटत होतं.

आता येते ती गोष्ट, जी मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही.

ट्रान्झॅक्टच्या शेवटच्या दिवशी, चालणं संपल्यावर परत येताना दर ४०० मीटरवर थांबून झाडोरा आणि लेंड्या मोजायच्या होत्या. पंधरा मीटरच्या घेरातली झाडं, जवळची झुडपं, पायाशी एक मीटरच्या वर्तुळातलं गवत, आणि वीस मीटर लांब, दोन मीटर रुंद अशा पट्ट्यातल्या सगळ्या लेंड्या. उन्हं वर आली होती. मैत्रिणीच्या टाचेला फोड येऊन फुटला होता. ताई वायरलेसवर बोलायला पुढे उंचावर गेल्या होत्या. २००० मीटरवर लेंड्या शून्य. १६०० वर शून्य. १२०० वर शून्य. ८०० मीटरच्या खुणेपाशी पोचलो तेव्हा माझ्या गुडघ्यांत जोर नव्हता. मी एका दगडावर बसले. समोर तोच सागाचा पाचोळा, तेच खडक, तीच वाळकी झुडपं. फॉर्ममध्ये झाडं बसल्या जागेवरून मोजून लिहिली आणि लेंड्यांच्या रकान्यात लिहून टाकलं : सांबर ०, चितळ ०, भेकर ०, गवा ०.

काका माझ्यासमोर उभे होते. त्यांना फॉर्म वाचता येत नव्हता, पण मी काय केलं ते त्यांनी पाहिलं होतं.

"पाहेलं तं नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काका, मागे तिन्ही ठिकाणी काही नव्हतं. इथेही तसंच आहे."

ते काही बोलले नाहीत. खांद्यावरची दोरी काढली, एक टोक खुणेच्या झाडाला बांधलं आणि वीस मीटर चालत जाऊन दुसरं टोक धरून उभे राहिले. मला उठावं लागलं. मग ते खाली बसले आणि पट्ट्यातली पानं एकेक करून उलटायला लागले. सागाचं वाळकं पान सुपाएवढं असतं, एका पानाखाली काय काय राहू शकतं याची कल्पना बसल्या जागेवरून येत नाही. सातव्या की आठव्या मीटरवर त्यांनी हात थांबवला. पानाखाली काळ्या चकचकीत लेंड्यांचा घोस होता. एका टोकाला चोच, दुसऱ्या टोकाला खळगी. मी मोजल्या. तेवीस.

काका उकिडवेच बसून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमच्या कागदात इथं सांबर नाही, तं मंग मी बाराही महिने राखतो काय?"

रागावून नाही. खरोखर विचारल्यासारखं.

मी आजवर पुष्कळ व्याख्यानं ऐकली, परिषदांना गेले, पुस्तकं वाचली. परिसंस्थाशास्त्राचा माझा पहिला धडा मात्र तो होता आणि त्याच्याइतका खोल गेलेला दुसरा नाही. मी त्या फॉर्मवर खोटा वाघ लिहिला नव्हता, खोटं शून्य लिहिलं होतं. आणि खोटं शून्य पकडायला फार अवघड असतं. खोट्या वाघाबद्दल कुणीतरी फोटो मागेल. शून्याबद्दल कोण काय मागणार? ते एकट्या लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर उभं असतं. 'नाही' लिहिणं म्हणजे काही न करणं नव्हे. बघितलं, शोधलं, पानं उलटली आणि मग मिळालं नाही, एवढं सगळं त्या एका शून्यात असतं. आदल्या दिवसांत रडत लिहिलेली माझी सगळी 'नाही' खरी होती, मोलाची होती. ज्याची लाज वाटायला हवी होती ते शून्य मी अगदी सहज लिहून गेले होते.

फॉर्मवर खोडरबर चालवायचा नाही, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा लिहून सही करायची. मी तसं केलं. ० वर रेघ, बाजूला २३, माझी सही. झाडं पुन्हा मोजली, तीही चुकली होती. ४०० मीटरवरही पट्टा पूर्ण उलटून पाहिला. तिथे खरंच काही नव्हतं. ते शून्य लिहिताना हात वेगळा चालला.

पुढच्या वर्षी जानेवारीत निकाल आला : देशात २२२६ वाघ. २००६ मध्ये हाच आकडा १४११ होता. मी वर्तमानपत्र हातात घेऊन बराच वेळ बसले होते. वाघांचे आपोआप फोटो काढणारे कॅमेरेही या मोजणीत लावतात, पण ते काही सगळ्या जंगलात लावता येत नाहीत. जिथे लावलेत तिथल्या वाघांचं प्रमाण आणि तिथल्या खुणा, भक्ष्य, झाडोरा यांचं नातं बांधायचं आणि त्यावरून बाकीच्या जंगलाचा अंदाज काढायचा, अशी ही रीत आहे. म्हणजे त्या मोठ्या आकड्याच्या तळाशी देशभरातल्या हजारो माणसांनी उलटलेली पानं होती. काकांची तेवीसही होती.

गणना संपली त्या दिवशी सकाळी ताई म्हणाल्या, "वाघ नाही दिसला ना? चला, तुम्हाला आमचा दुसरा मोठा माणूस दाखवते." कुटीपासून पंधरा मिनिटांवर, पानं झडलेल्या एका सागाच्या शेंड्यावर, चांगलं ऊन पडलेलं असताना, मुठीएवढं घुबड बसलं होतं. दिवसाढवळ्या, अगदी उघड्यावर. गावाकडचा पिंगळा मला माहीत होता, त्याच्या डोक्यावर पाठीवर पांढरे ठिपके असतात. ह्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, छाती गडद तपकिरी आणि पोट खाली शुभ्र. शेपटी डावी-उजवीकडे झटकत होता. रानपिंगळा.

त्याची गोष्ट मी नंतर शोधून वाचली आणि मला ती माझ्याच चुकीची मोठी बहीण वाटली. या पक्ष्याचं वर्णन १८७३ मध्ये झालं. पुढे काही नमुने मिळाले, त्यांतले शेवटचे जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात १८८४ मध्ये गोळा केलेले. मग पक्षी दिसेनासा झाला. एकच नोंद त्यानंतरची होती : १९१४, गुजरातेतलं तापीकाठचं मांडवी, गोळा करणारा रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाचा लष्करी अधिकारी, पक्षीशास्त्रात मोठं नाव. त्या नोंदीने शोध चुकीच्या दिशेला वळवला. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा उघड झालं की ते कातडं संग्रहालयातून चोरलेलं होतं. डेव्हिडसनचाच पक्षी, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून स्वतःचा म्हणून दाखवलेला. मांडवीची नोंद बाद झाली तेव्हा कुठे शोधाची दिशा सरळ झाली. १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट आधी पूर्वेकडच्या जुन्या जागी फिरले. तिथे पक्षी मिळाला नाही. मग ते खानदेशात आले आणि नोव्हेंबरच्या एका सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा त्यांच्यासमोर बसलेला होता. ११३ वर्षांनी.

त्यानंतर तो तोरणमाळला मिळाला, मेळघाटात मिळाला, आणि मेळघाटात तर चांगल्या संख्येने. कोरकू माणसांना तो कधी हरवल्याचं माहीतच नव्हतं. काकांना मी हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग आम्हाला विचारायचं होतं. हे मी उगाच भावनेने लिहीत नाही. अभ्यास करणारे आठ दिवसांसाठी, दोन वर्षांसाठी येतात, प्रबंधात आभाराच्या पानावर 'स्थानिक मदतनीस' असा उल्लेख करतात आणि जातात. ज्याच्या डोळ्यांवर तो प्रबंध उभा असतो तो माणूस रोजंदारीवर राहतो. बोरी, कोहा, कुंड ही गावं या शतकाच्या सुरुवातीला व्याघ्र प्रकल्पातून बाहेर गेली. तिथल्या शेतांवर आता गवत माजलंय, गवे चरतात, आणि मधेच कुणीतरी हाताने लावलेला आंबा उभा असतो. पुनर्वसनाबद्दल मतं वेगवेगळी असू शकतात. त्या आंब्यापाशी थांबून, इथे कोण राहत होतं आणि त्यांना या जंगलाबद्दल काय माहीत होतं, एवढा प्रश्न न विचारता पुढे जाणारा विद्यार्थी मला अर्धवट शिकलेला वाटतो.

घरी परतले आणि एक अडचण उभी राहिली. मेळघाट संपलं होतं. आमचं गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारट, जमीन काळी, सपाट, डोंगर नाही, जंगल नाही, धुऱ्यावर बाभळी. इथे काय मोजायचं? बाबा म्हणाले, "मोजण्यासारखं काय आहे ते आधी बघ तर." मग मी एक रस्ता धरला. गावाबाहेर शेतांमधून जाणारी एक किलोमीटरची गाडीवाट. दर रविवारी सकाळी सातला, पाऊण तास, एकच वाट, एकच चाल. जो पक्षी दिसेल तो लिहायचा. मनात एकच होता, धाविक. मातीच्या रंगाचा, लांब पायांचा, डोळ्यावर पांढरी-काळी पट्टी असलेला देखणा पक्षी. धावतो, थबकतो, पुन्हा धावतो. शेजारच्या काकांनी लहानपणी या शेतांत पाहिल्याचं सांगितलं होतं.

पहिला रविवार, धाविक ०. दुसरा, ०. अकरा रविवार शून्य. मेळघाटात जायच्या आधी असतं तर मी तिसऱ्याच रविवारी सोडून दिलं असतं. आता मात्र प्रत्येक शून्य लिहिताना मनात विचारत होते, पानं उलटून पाहिली का? तूर उभी होती तेव्हा शेतात आत दिसतच नव्हतं. मग बाजूला लिहायला लागले : 'तूर उभी, वीस पावलांपुढे दिसत नाही.' हरभरा निघाला, जमीन उघडी झाली, आणि बाराव्या रविवारी ढेकळांमध्ये सहा धाविक धावत होते. आनंद तर झालाच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की माझ्याकडे आधीचे अकरा रविवार होते. ते नसते तर 'धाविक दिसले' एवढंच लिहून थांबले असते. ते होते म्हणून प्रश्न पडला : ते आत्ता आले, की होतेच आणि मला उभ्या पिकात दिसत नव्हते? माझ्या आयुष्यातला तो पहिला खरा शास्त्रीय प्रश्न. सोडवायला पुढची दोन वर्षं लागली, आणि अजूनही अर्धाच सुटलाय.

आता मी शिकवते आणि दर महिन्याला कुणीतरी विचारतं : मॅडम, वाइल्डलाइफमध्ये करिअर करायचंय, सुरुवात कुठून करू? संस्थांची नावं सांगते. देहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बेंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, मुंबईची १८८३ पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, पुण्यात प्रकाश गोळे यांनी सुरू केलेली इकॉलॉजिकल सोसायटी. संख्याशास्त्राला घाबरू नका म्हणते, 'आर' ही संगणकभाषा आजपासूनच हाताखाली घाला म्हणते. बहुतेकांचा चेहरा इथे उतरतो, त्यांना कॅमेऱ्याबद्दल ऐकायचं असतं. कॅमेरा नको. पहिली दोन वर्षं तर नकोच. फोटो जे आहे तेवढंच दाखवतो, आणि त्याच्या नादात पाय एकाच जागी खिळतात. वही घ्या, एखादी दुर्बीण कुणाकडून मागून घ्या, आणि रोज जाता येईल अशी जागा निवडा.

सालिम अलींचं उदाहरण मी हटकून देते. १९३० च्या सुमाराची गोष्ट. हाताला नोकरी नव्हती, ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. रोज बसून त्यांनी ती पाहिली. कोणता नर कधी घरटं विणायला घेतो, अर्धवट घरट्यावर मादी कधी येते, पसंत करते की निघून जाते. त्यातून कळलं की एका मादीने घरटं पसंत केलं की नर तिथेच थांबत नाही, शेजारी दुसरं घरटं विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट बघतो. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लोंबकळणारी घरटी होती ती. त्यासाठी किहीमच्या बाहेर पाऊल टाकावं लागलं नाही.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून पक्षी मोजायचे आणि ई-बर्डवर यादी टाकायची. आमच्या कॉलेजच्या सायकलस्टँडवरूनही आम्ही करतो. यादी टाकताना ई-बर्ड एक प्रश्न विचारतं : जे जे ओळखलं ते सगळं लिहिलंय का? माझ्या मते त्या संकेतस्थळावरचा तो सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. 'हो' म्हटलं की तुमच्या यादीत नसलेला पक्षीही 'दिसला नाही' म्हणून नोंद होतो. कावळा आणि साळुंकी गाळून फक्त गरुड लिहिणाऱ्याची यादी दिसायला भारी, पण तिच्यात एकही शून्य नसतं.

मोहिमांना जरूर जा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजायची संधी मिळाली तर सोडू नका. चांदण्यात पाणी प्यायला आलेलं अस्वल पाहिलं की माणूस आतून हलतो, आणि हललेलं माणूसच पुढे टिकतं. फक्त तिथे गेल्यावर रात्रभर जागे राहा. अडीच ते चार या वेळात झोप लागली असेल तर वहीत तसं लिहा : 'अडीच ते चार झोपले होते.' त्या दीड तासासमोर शून्य लिहू नका. हे मी प्रत्येक तुकडीला सांगते आणि प्रत्येक तुकडीत एखादी तरी मुलगी असते जी खरंच तसं लिहून आणते. मला त्या वहीचं फार कौतुक वाटतं.

काका दोन वर्षांनी निवृत्त झाले असं ताईंकडून कळलं. रोजंदारीतल्या माणसाला निवृत्ती म्हणजे काय मिळतं ते मी इथे लिहीत नाही. एकदा त्यांच्या गावी जाऊन आले. अंगणात खाटेवर बसले होते, नजर अधू झाली होती. मी नाव सांगितलं तर ओळख पटली नाही. "तेवीस," मी म्हटलं. मग हसले आणि नातवाला चहा ठेवायला सांगितलं.

यंदाच्या डिसेंबरात बारा विद्यार्थ्यांना घेऊन मेळघाटात गेले होते. परवानगीने, सरावासाठी, आखलेल्या एका रेघेवर. आता फॉर्मऐवजी मोबाइलवर नोंद होते, वेळ आणि जागा आपोआप पडते. दगडावर बसून भरलं तर दगडाचं ठिकाण उमटतं. तरी दोरी मी जुनीच वापरते, वीस मीटरची, गाठ मारलेली.

चौथ्या जागेवर पहिल्या वर्षाची एक मुलगी होती. यवतमाळकडची, बुजरी, आदल्या रात्री वाघाच्या गप्पा चालल्या होत्या तेव्हा एकटी चुलीपाशी बसलेली. मी वीस-पंचवीस पावलांवर दुसऱ्या गटाबरोबर होते. तिचा आवाज आला, थकलेला.

"मॅडम, इथे काहीच नाहीये."

"पानं उलटून पाहिलीस का?"

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग सागाचा पाचोळा वाजायला लागला. एक पान, मग दुसरं, मग तिसरं, सावकाश, दोरीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे.